वामनाची केळी : एका बुटक्या झाडाचा सोयगावपर्यंतचा प्रवास

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं बरं वाटतं, त्यांच्यासाठी या भागाचा हा मजकूर. बोलताना झालेले 'अं', 'म्हणजे' काढून टाकलेत, थोडी वाक्यं सरळ केलीत. बाकी बोललो तसंच ठेवलंय.

सुरुवात एका प्रश्नापासून करू. मागच्या महिन्यात एका श्रोत्याने विचारलं होतं, 'जपानी मेपलची ती बुटकी, गुच्छासारखी झाडं आपल्याकडे कुंडीत लावता येतील का?' फोटोही पाठवला होता. गुडघ्याएवढं झाड, लालबुंद पानं, फांद्या एकमेकींत इतक्या दाटलेल्या की आत बोट जाणार नाही. मी हे बोलतोय सोयगावात बसून. अजिंठ्याच्या डोंगराच्या पायथ्याला, जिथे मे महिन्यात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर जातो. मेपलला हिवाळ्यात चांगली महिनोन्‌महिने थंडी लागते आणि उन्हाळ्यात गारवा लागतो. तेव्हा सरळ उत्तर असं, की इथे नाही जमायचं. पानांच्या कडा एप्रिलमध्येच करपतील.

पण प्रश्न तिथेच सोडवेना. कारण ही बुटकी मेपलं जन्माला कशी येतात हे वाचायला लागलो, आणि वाचता वाचता थेट आमच्या मामाच्या केळीच्या बागेत येऊन पोचलो. आजची गोष्ट त्या रस्त्याची.

चेटकिणीचा झाडू

एखाद्या मोठ्या, नीट वाढलेल्या झाडावर अचानक एका फांदीला वेड लागल्यासारखं होतं. पेरं आखूड होतात, डोळे भराभर फुटतात, बारीक काड्यांचा दाट गुच्छ तयार होतो. लांबून बघितलं तर झाडावर कुणी खराटा अडकवून ठेवलाय असं वाटतं. युरोपात याला 'चेटकिणीचा झाडू' म्हणत.

याची कारणं दोन प्रकारची. एक म्हणजे रोग : बुरशी, कोळी, किंवा फायटोप्लाझ्मा नावाचे अतिसूक्ष्म जीव. आपल्याकडे वांग्यावर आणि तिळावर जो पर्णगुच्छ येतो तो याच फायटोप्लाझ्मामुळे. तुडतुडे तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेतात. शेतकरी असं झाड दिसलं की उपटतो, आणि बरोबरच करतो.

दुसरं कारण वेगळं. एका कळीतल्या एखाद्या पेशीत आनुवंशिक बदल होतो. त्या पेशीपासून जी फांदी वाढते ती सगळी त्या बदलाची. बाकी झाड जसंच्या तसं, फक्त ती फांदी निराळी. अशा फांदीची काडी कापून दुसऱ्या रोपावर कलम केली, तर पूर्ण झाड बुटकं होतं. 'स्कीटर्स ब्रूम' नावाचं जपानी मेपल असंच, 'ब्लडगुड' या उंच, लाल पानांच्या मेपलवरच्या झाडूतून आलेलं. ऑस्ट्रेलियातलं 'कुनारा पिग्मी' हेही तसंच. म्हणजे कुणाच्या तरी डोळ्याला तो गुच्छ दिसला, त्याने तो रोग समजून छाटला नाही, काडी घेतली, वाढवली, आणि वर्षानुवर्षं वाट पाहिली.

आता यातली गंमत बघा. डोळ्याला दोन्ही गुच्छ सारखेच. एक उपटून जाळायचा, दुसरा जपून वाढवायचा. आणि कधीकधी तर रोग आणि देणगी यांच्यातली रेघच पुसली जाते. नाताळच्या दिवसांत कुंडीत दिसणारं लाल पानांचं पॉइन्सेटिया आठवा. ते इतकं छान, भरगच्च फुटतं ते त्याच्या अंगात असलेल्या फायटोप्लाझ्मामुळे. हे १९९७ मध्ये सिद्ध झालं. रोपवाटिकावाले पिढ्यान्‌पिढ्या तो 'रोग' कलमातून पुढे नेत होते, आणि लोक 'झाड छान भरलंय' म्हणून विकत घेत होते.

महाराष्ट्रातही अशी उदाहरणं आहेत, फक्त ती बुटकेपणाची नाहीत. सांगलीच्या तासगाव तालुक्यात बोरगावला थॉम्पसन सीडलेस द्राक्षाच्या वेलीवर एक वेगळी फांदी दिसली, तिच्यातून 'तास-ए-गणेश' आलं. सोलापूरजवळच्या नान्नजला नानासाहेब काळे यांनी लांबट मण्यांची वेल ओळखली आणि 'सोनाका' आलं. दोन्ही ठिकाणी प्रयोगशाळा नव्हती. रोज सकाळी बागेत फिरणारा माणूस होता आणि 'ही फांदी वेगळी आहे' हे त्याला कळलं होतं.

केळीला फांदी कुठे असते?

आता तुम्ही म्हणाल, केळीला फांदीच नाही, मग झाडू कुठून? बरोबर आहे. आपण ज्याला केळीचा खांब म्हणतो तोसुद्धा खरा बुंधा नव्हे. पानांचे देठ एकात एक गुंडाळून झालेला तो खांब. खरं खोड जमिनीखाली असतं, कंदाच्या रूपात. त्या कंदावर डोळे असतात आणि डोळ्यांतून मुनवे फुटतात. म्हणजे केळीच्या फांद्या जमिनीखालून येतात, एवढाच फरक. मेपलच्या एका कळीत बदल झाला तर एक फांदी बदलते. केळीच्या कंदावरच्या एका डोळ्यात बदल झाला तर एक मुनवा बदलतो. आणि मुनवा म्हणजे अख्खं झाडच. कलमाचीही गरज नाही. उपटा, दुसरीकडे लावा.

आपण खातो त्या केळीला बी नसतं, हे लक्षात ठेवा. त्यामुळे तिच्यात जे काही नवं येतं ते बियांतून येत नाही, अशा डोळ्यांतल्या बदलांतूनच येतं. हजारो वर्षं माणसाने एक मुनवा उचलून दुसरीकडे लावला, आणि मधूनमधून एखादा वेगळा निघाला तर तो जपला.

असाच कधीतरी दक्षिण चीनच्या बाजूला केळीच्या एका घराण्यात बुटका मुनवा निघाला. आणि त्या बुटक्याने जग पालथं घातलं.

ड्यूकच्या काचघरातली केळ

ही बुटकी केळ १८२०च्या दशकात चीनमधून मॉरिशसला आली. तिथे चार्ल्स टेल्फेअर नावाचे वनस्पतींचे शौकीन होते. त्यांनी १८२९ मध्ये काही रोपं इंग्लंडला पाठवली. तिथून ती डर्बीशायरमधल्या चॅट्सवर्थ या महालात, डेव्हनशायरच्या सहाव्या ड्यूककडे गेली. ड्यूकचं घराण्याचं नाव कॅव्हेंडिश. त्याचा मुख्य माळी जोसेफ पॅक्स्टन, हाच पुढे लंडनच्या क्रिस्टल पॅलेसचा रचनाकार म्हणून गाजला.

पॅक्स्टनने काचघर उबदार ठेवलं, केळीला भरपूर खतपाणी दिलं. १८३५च्या नोव्हेंबरात ती निसवली आणि पुढच्या मे महिन्यात शंभरावर फळं पिकली. लंडनच्या बागायती प्रदर्शनात तिला पदक मिळालं आणि मालकाच्या नावावरून झाडाचं नाव पडलं कॅव्हेंडिश. उंच केळ त्या काचघरात छपराला भिडली असती. ही मावली, कारण ही बुटकी होती. म्हणजे तिचं नाव जगभर गेलं त्याचं एक कारण तिचा बुटकेपणाच.

तिथून जॉन विल्यम्स नावाचा मिशनरी ती रोपं काचेच्या पेट्यांत घालून पॅसिफिकमध्ये सामोआला घेऊन गेला. बुटकी केळ बेटाबेटांवर पसरली. वादळवाऱ्याच्या बेटांवर उंच केळ आडवी होते. ही उभी राहते.

भारतात तिला मिळालेली नावं ऐका. तमिळनाडूत ती 'मॉरिशस', आसामात 'जहाजी', बंगालमध्ये 'काबुली' आणि 'सिंगापुरी'. प्रत्येक नाव सांगतं, ही बाहेरून आलेली आहे, जहाजातून आलेली आहे. तिचं आणखी एक नाव आहे, 'वामनकेळी'. तीन पावलांत त्रिभुवन व्यापणारा बुटका बटू. नाव ठेवणाऱ्याला काचघर माहीत नसेल, पण झाड त्याने बरोबर ओळखलं होतं.

आणि खानदेशात तिचं नाव 'बसराई'.

तापीच्या काठची बसराई

सोयगाव मराठवाड्यात येतं, निजामाच्या हद्दीत होतं, १७ सप्टेंबर १९४८ नंतर मोकळं झालं. पण भूगोल विचाराल तर आम्ही डोंगराच्या उत्तरेला आहोत. आमचं पाणी वाघूर आणि तिच्या बहिणींतून तापीला जातं. संभाजीनगरला जायचं तर घाट चढावा लागतो; पाचोरा, जामनेर, जळगाव सपाटीवर आहेत. बाजार तिकडचा, सोयरीक तिकडची, बोलीतही तिकडचा हेल. पाचोरा-जामनेर ही छोटी रेल्वे शेजारच्या शेंदुर्णीवरून धावायची, आमच्या आजोबांच्या गोष्टींत ती कायम असायची. त्यामुळे केळीचं वेड आमच्याकडे आलं ते खानदेशातूनच.

बसराई पाच-सहा फूट उंच. दीड बाय दीड मीटरवर लावली की हेक्टरी चार हजार चारशे चव्वेचाळीस झाडं बसायची. ती का टिकली हे कळायला इथला वैशाख-जेठ बघावा लागतो. मे-जूनमध्ये वावटळ आणि वादळी पाऊस येतो तेव्हा रावेर-यावलच्या बागाच्या बागा आडव्या होतात. दरवर्षी पेपरात तो फोटो असतो. घड लागलेली केळ म्हणजे डोक्यावर हंडा घेतलेली बाई. उंची जितकी जास्त तितका तोल अवघड. बसराईला टेकू कमी लागायचा, पाणी द्यायला, पानं कापायला, घड उतरवायला शिडी लागत नव्हती. सावदा-रावेरच्या स्टेशनांवरून दिल्लीकडे जे केळीचे रॅक भरून जायचे, त्यांच्या भरभराटीत या बुटकेपणाचा मोठा वाटा.

इथे थोडं जगाकडे बघू. बुटकेपणाने इतिहास बदलला तो फक्त केळीतच नाही. जपानमधला 'नोरीन १०' हा बुटका गहू १९४६ मध्ये अमेरिकेत गेला, तिथून मेक्सिकोत नॉर्मन बोरलॉग यांच्या हातात, आणि १९६६ मध्ये भारताने मेक्सिकोतून अठरा हजार टन बुटक्या गव्हाचं बियाणं आणलं. उंच गव्हाला खत दिलं की ओंबी जड होऊन तो लोळायचा. बुटका उभा राहिला. हरितक्रांती म्हणतात तिच्या पोटात हा बुटका गहू आहे. कारणही एकाच जातीचं. झाडाला उंच वाढायला सांगणारं जिबरेलिन नावाचं संप्रेरक असतं. ते कमी बनलं, किंवा झाडाने त्याचं ऐकणं कमी केलं, की पेरं आखूड राहतात आणि ताकद दाण्याकडे, फळाकडे वळते.

पण बसराईच्या बुटकेपणाची किंमतही होती. पानं जवळजवळ, मान आखूड. आमच्याकडे पौष-माघात थंडी दहा अंशांच्या खाली गेली की वाढ थांबते, आणि नेमका तेव्हा निसवायला आलेला घड मानेतच अडकतो. खांब फुगतो, कधी फुटतो, घड बाहेर येत नाही. म्हणून बसराईवाल्यांचं सगळं गणित लागवडीच्या तारखेवर : मृगबाग की कांदेबाग. तारीख चुकली की वर्ष गेलं.

झाडाच्या अंगातला बदलही कायमचा स्थिर नसतो. बसराईच्याच बागेतून थोडी उंच, मोठ्या घडाची 'श्रीमंती' निवडली गेली. मेपलवालेही हेच सांगतात : बुटक्या झाडावर अधूनमधून एखादी उंच, जोरकस फांदी निघते, ती लगेच छाटायची, नाहीतर ती सगळं झाड गिळते. केळीत त्या फांदीचीच नवी जात झाली, एवढाच फरक.

'मोठा बुटका' आला

१९९०च्या दशकात जळगावच्या जैन इरिगेशनने उतिसंवर्धित ग्रँड नैनची रोपं आणली. ठिबक आणि ही रोपं, दोन्ही बरोबर. 'ग्रँड नैन' हे फ्रेंच नाव आहे, अर्थ 'मोठा बुटका'. तीही कॅव्हेंडिशच, बसराईची सख्खी बहीण. बसराईपेक्षा उंच आणि तिच्या उंच बहिणींपेक्षा ठेंगणी. सात-आठ फुटांचं झाड, पंचवीस-तीस किलोचा घड, लांब सरळ फळं, सगळी बाग थोड्या दिवसांच्या अंतराने निसवणार. व्यापाऱ्याला, निर्यातदाराला हवं तेच. २०१६ मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं, २०२१ मध्ये रावेर तालुक्यातल्या तांदलवाडीची बावीस टन केळी दुबईला गेली. बसराई हळूहळू परसात उरली.

याबरोबर एक कसब मात्र मागे पडलं. पूर्वी मुनवे निवडणं हे घरातल्या जाणत्या माणसाचं काम. तलवारीसारख्या निमुळत्या पानाचा मुनवा घ्यायचा, रुंद पानाळ सोडायचा. आई-झाडाचा घड कसा होता, वाऱ्यात उभं राहिलं का, हे आठवून निवडायचं. आता रोप पिशवीतून येतं. रोप स्वच्छ असतं, सूत्रकृमी आणि मर रोगाची बुरशी त्याच्याबरोबर येत नाही, हा फायदा खरा आहे. पण आई कोण होती, हे शेतकऱ्याने पाहिलेलं नसतं.

मामाच्या बागेतली अकरा झाडं

आता ज्यासाठी हे सगळं सांगितलं ते. मामाने तीन हजार रोपं लावली होती, मृगात. चौथ्या महिन्यात मला फोन. 'भाचा, ये जरा. अकरा झाडं बसली आहेत खाली. मला वाटतं आपली जुनी बसराई परत आली.'

मी गेलो. ओळीत सगळी झाडं छातीला लागलेली, ही अकरा मांडीएवढी. मामा खूश. त्याच्या लहानपणीची केळ, त्याच्या वडिलांनी लावलेली. मी मात्र मेपल वाचून आलो होतो, त्यामुळे दोन्ही शक्यता डोक्यात. जवळ जाऊन पानं बघितली. नऊ झाडांच्या पानांवर शिरांच्या बाजूने पिवळट पट्टे होते, पोंग्याजवळचं पान वेडंवाकडं. हा बुटकेपणा नव्हता. काकडीवर्गातला मोझॅक विषाणू, ज्याला आपल्याकडे हरण्या म्हणतात. मावा तो पसरवतो आणि औषध नाही. खानदेशात गेल्या काही वर्षांत याच रोगापायी लोकांनी उभ्या बागा उपटल्यात. मामाने बांधाला काकडी आणि भोपळाही लावला होता, तिथे हा विषाणू आरामात राहतो.

उरली दोन. त्यांची पानं गडद हिरवी, जाड, रुंद, देठ आखूड, पट्टा एकही नाही. ही खरी बुटकी. प्रयोगशाळेत एका तुकड्यातून हजारो रोपं करताना पेशींमध्ये बदल होतातच, आणि कॅव्हेंडिशमध्ये त्यात सगळ्यांत जास्त आढळणारा बदल हाच, बुटकेपणा. चांगले रोपवाले रोपवाटिकेतच असली रोपं वेचून टाकतात. ही दोन सुटली होती.

'म्हणजे बसराई नाही?' मामाने विचारलं.

'तिच्यासारखी आहे मामा, ती नाही.'

'पण ती पण अशीच आली ना पहिल्यांदा? तूच सांगितलंस. कुणीतरी उपटली नाही म्हणून राहिली.'

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरंच आहे ते.

नऊ झाडं त्याच दिवशी कंदासकट उपटली, शेताबाहेर खड्डा करून गाडली, काकडी-भोपळ्याचे वेलही काढले. मामा दिवसभर कुणाशी बोलला नाही. दोन ठेवली. त्या दोघींना निसवायला उशीर झाला, नेमकी कडाक्याची थंडी गाठली. एकीचा घड मानेत अडकला आणि खांब चिरला. दुसरीला घड आला, पण लहान, फण्या एकमेकींत घुसलेल्या. व्यापाऱ्याने तो हातात घेऊन परत ठेवला. आम्ही घरी पिकवून खाल्ला. चव ग्रँड नैनचीच.

वामन पुन्हा

मग बुटकेपणाची गरज संपली का? नाही. वारा आहेच, आणि मजूर मिळत नाहीत. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने तिरुचिरापल्लीच्या राष्ट्रीय केळी संशोधन केंद्राबरोबर ग्रँड नैनवर गॅमा किरणांचा मारा करून, त्यातून निघालेल्या झाडांतून एक बुटकं, दीडेक महिना लवकर येणारं झाड निवडलं. २०२५ मध्ये त्याची जात म्हणून घोषणा झाली. नाव ठेवलंय 'कावेरी वामन'. जुनं नाव पुन्हा आलं. निसर्गात जो बदल कुठल्यातरी मुनव्यात आपोआप झाला, तो इथे किरणांनी घडवला. पण हजारो रोपांतून नेमकं कोणतं ठेवायचं, हे काम तेव्हाही माणसाच्या डोळ्याचं आणि आताही.

एक गोष्ट मात्र ना उंचीने सुटते ना बुटकेपणाने. बसराई, ग्रँड नैन, श्रीमंती, ही सगळी कॅव्हेंडिश घराण्यातली, म्हणजे फार तर दोन-चार डोळ्यांच्या फरकाची एकच केळ. यापूर्वी जगाच्या बाजारात ग्रो मिशेल नावाची केळ होती. १९६०च्या दशकापर्यंत पनामा मर रोगाने तिचा व्यापार संपवला आणि तिची जागा कॅव्हेंडिशने घेतली, कारण तिला तो रोग होत नव्हता. आता त्याच बुरशीचा चौथा उष्णकटिबंधीय प्रकार कॅव्हेंडिशलाच मारतो, आणि तो बिहारमधल्या कटिहार भागात पोचलेला आहे. तो मातीतून, पाण्यातून, रोगट मुनव्यातून, माणसाच्या चपलेतून फिरतो. म्हणून लांबच्या बागेतून 'चांगला दिसला' म्हणून मुनवा उचलून आणायचा नाही. मामाला हे दोनदा सांगून आलोय. तुमच्या घरी केळी असेल तर तुम्हालाही सांगतोय.

आणि ज्यांनी मेपलचं विचारलं होतं त्यांना : मेपल नको, पण परसात जागा असेल तर एक बसराई लावा. गावात कुणाकडे तरी अजून असेल, शेजारच्याच घरातला, डोळ्यांनी पाहिलेल्या निरोगी झाडाचा तलवारी मुनवा घ्या. पाच फुटांवरच घड हाताला लागतो, पोरांनाही तोडता येतो.

मामाच्या त्या दोन झाडांचे खांब आम्ही श्रावणातल्या सत्यनारायणाला वापरले. चौरंगाला बांधताना मामी म्हणाली, 'या वेळी खांब कापून लहान करावे लागले नाहीत.' मामा हसला, बऱ्याच दिवसांनी.

पुढच्या भागात भेटू. तुमच्याकडे बसराई अजून असेल, किंवा तिचं वेगळं नाव असेल, तर जरूर कळवा. नमस्कार.